भावकीची वेळ, गाडीची वेळ

माझ्या सासऱ्यांकडे कुणी काहीही मागितलं की त्यांच्या तोंडून आधी ‘देतो’ बाहेर पडतं आणि मग ते विचार करायला बसतात. विचार करून काही सुचलं नाही की मला हाक मारतात. "सूनबाय, जरा बग ना, काय जमतंय का." लग्न झाल्यापासून हे ‘जरा बघणं’च मी करतेय.

त्यांचं नाव गुणवंत भोईर. भाईंदरला केबिन रोडवर बांगड्यांच्या दुकानाला लागून एका शटरचं आमचं ऑफिस आहे. वर पाटी, ‘अनसूयामाता ट्रॅव्हल्स’. अनसूया ही त्यांची आई. पुढचं ‘माता’ पाटी रंगवणाऱ्यानं स्वतःच्या मनानं वाढवलं. बाबांनी ते बघितलं, मान खाजवली आणि म्हणाले, "असू दे, त्याला बरा वाटला." तेव्हापासून लोक शिर्डीची गाडी कधी सुटते म्हणून विचारायला येतात आणि मी डोकं धरून बसते.

आम्ही शिर्डीला जात नाही. आमच्या दोन बस आहेत आणि त्या विक्रमगडच्या पुढच्या पाड्यांवर जातात. तिथं एसटी दुपारी एकदा येते, रविवारी तीही नसते. एके काळी भाईंदरच्या खाडीकाठी भोईरांची मिठागरं होती. या पाड्यांवरची माणसं मीठ काढायला यायची आणि बाबांचे वडील त्यांना ट्रकमधून आणायचे, पावसाच्या आधी परत नेऊन सोडायचे. मिठागरं बंद पडली, पण माणसांचं येणं थांबलं नाही. कुणी बांधकामावर, कुणी रानभाजी घेऊन, कुणी दवाखान्यात. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं बाबांना विचारलं म्हणे, की शेठ, आता आम्ही यायचं कसं? बाबा म्हणाले, "आनतो." झाली कंपनी सुरू. कुणाला विचारणं नाही, हिशेब नाही, काही नाही.

मी भाईंदरच्याच जेसल पार्कची. माझे आईवडील गिरगावातली खोली विकून इथं आले, वडील बँकेत. आमच्या घरी साडेसहाला जेवायचं म्हणजे साडेसहाला ताट. कौस्तुभ भोईर माझ्या कॉलेजात होता, आमचं जमलं, आणि मी या घरात आले. बस कंपनी म्हटल्यावर मला वाटलं होतं, सगळं घड्याळावर चालत असेल. हसू नका.

धंदा एकवेळ परवडला, पण भावकी! आमच्या गल्लीत पुढून मागून सगळी भोईरांचीच घरं. भावकीत लग्न निघालं की वऱ्हाडाला गाडी आमची. हळदीला आमची, बारशाला आमची, चैत्रात कार्ल्याला एकवीरेला जायचं तर दोन्ही आमच्या. भाड्याचा विषयसुद्धा काढायचा नाही, तो काढणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. दोन्ही गाड्या दिवसभर अडकल्या की पाड्यांवरची माणसं फाट्यावर उभी राहून घरी परत जातात. त्यांना फोन करून सांगायचं काम माझं. त्यांचे सुस्कारे मी ऐकायचे, आणि बाबांनी मात्र नव्या नवरीला गाडीत चढताना हात द्यायचा. शेजारचे हसमुखभाई मला वर म्हणतात, "भाभी, आपके ससुरजी तो भगवान माणस छे." मी म्हणते, भगवानाला सुनेच्या हातात फोन देऊन पळता येतं का?

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. भोईरांचं वऱ्हाड आजवर वेळेवर निघालेलं नाही. कुणाचा गजरा राहतो, कुणाची नथ सापडत नाही, कुणी आंघोळच करत असतो. म्हणून बाबांनी एक रीत पाडली. दहाला निघायचं असलं की सांगायचं, गाडी सातला दारात. तेवढ्या मधल्या वेळात धर्मा गाडी घेऊन पाड्यावर जायचा आणि माणसं आणून टाकायचा. धर्मा आमचा जुना ड्रायव्हर, त्यालाही हे पाठ. तो मला विचारायचा, "वहिनी, ही भावकीची वेळ की गाडीची वेळ?" मी बाबांना किती वेळा म्हटलं, हे एक दिवस अंगाशी येईल. ते म्हणायचे, "आजवर आलाय का?" आलं नव्हतं, हेच तर माझं दुर्दैव.

आणि गेल्या वर्षी तर गाडी गेलीच नाही. पिंपळखिंडीच्या पाड्यावरची दिव्या नावाची मुलगी. तिचे आजोबा आमच्या मिठागरावर होते. तिची नर्सिंगची प्रवेश परीक्षा मीरा रोडला होती. बाबा तिला म्हणाले, "गाडी येल, तू निवांत अस." नेमकी त्याच दिवशी भावकी एकवीरेला निघाली आणि दोन्ही गाड्या तिकडे गेल्या. दिव्याला कळवायचं राहिलं, कारण बाबांनी तिला शब्द दिलाय हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती फाट्यावर उन्हात उभी राहिली. परीक्षा वर्षातून एकदाच होते.

चार दिवसांनी ती ऑफिसात आली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "मामा, तुम्ही येतो बोललेलात ना?" त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. पुढच्या आठवड्यात पाड्यावर जाऊन तिच्या आईसमोर म्हणाले, पुढच्या वर्षी मी गाडी आणतो, माझा शब्द. मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. ज्या माणसाचा शब्द कुणालाही फुकट मिळतो, त्यानं आणखी एक दिला होता.

या वर्षी परीक्षेची तारीख आली, रविवार. त्याच रविवारी हृतिकचं लग्न, पनवेलला. हृतिक म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ उत्तमकाका, त्यांचा धाकटा मुलगा. आणि आमची एक गाडी गिअरबॉक्स उघडून गॅरेजात पडलेली.

"बाबा, काकांना नाही म्हणा," मी म्हटलं.

"दादाला? न्हाय कसा म्हनू? आपलाच पोरगा हाय."

"मग दिव्याला नाही म्हणा."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, की मी शब्द परत घेतले.

मग म्हणाले, "दादाला सातची वेल सांगतो. निगतील ते दहा-साडेदहाला. धर्मा पहाटेच जाईल, पोरीला आनून शालेवर सोडंल, दहाला गाडी दारात." आणि माझ्याकडे बघून हसले. फार हुशारी केल्यासारखे.

रविवारी सात वाजता मी चहाचा कप घेऊन गॅलरीत आले आणि माझ्या हातातला कप तिथंच राहिला. खाली गल्लीत सगळं वऱ्हाड उभं होतं. तयार! बायकांच्या नथा, गजरे, म्हाताऱ्यांच्या टोप्या, पोरांचे बूट. बेंजोवाले सूर लावत होते. या घरात आल्यापासून असलं दृश्य मी पाहिलं नव्हतं.

हे केलं होतं मंजुळाकाकूंनी. काकू म्हणजे उत्तमकाकांच्या बायको, नवरदेवाची आई. थोरल्या सार्थकच्या लग्नात वऱ्हाड इतकं उशिरा पोचलं होतं, की मुहूर्त टळून गेला आणि नवरीकडची माणसं जेवून हात धूत होती. त्यावरून विहीणबाईंनी जे टोमणे मारले ते काकू विसरल्या नव्हत्या. या वेळी बाबांनी त्यांना सात सांगितले, आणि त्यांनी सगळ्या घरांत सांगितलं, गाडी पाचला येणार. बाबा भावकीला फसवायला बघत होते आणि काकूही भावकीलाच फसवून बसल्या होत्या. कुणीही कुणाला खरी वेळ सांगितली नव्हती. मला हसावं की खाली उडी मारावी ते कळेना.

बाबा खाली गेले, मी मागोमाग. कौस्तुभ नवरदेवाला घेऊन फुलांच्या गाडीतून आधीच निघाला होता.

"गुणवंत, गाडी कुठं हाय?" उत्तमकाकांनी विचारलं.

"येते, दादा."

"कुठना येते?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी धर्माला फोन लावला आणि विचारलं. "मनोरला आहे, विक्रमगडच्या वाटेवर," मी काकांना सांगितलं. खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

कुणीतरी हसलं. बेंजोवाले थांबले.

"वऱ्हाड दारात उबा करून तू गाडी जंगलात धाडलीस?" काका म्हणाले. "कोनासाठी?"

बाबांनी सांगितलं. एक मुलगी आहे, परीक्षा आहे. गर्दीत कुजबुज झाली. कुणी विचारलं, कोण मुलगी, आपल्यातली आहे का? नाही म्हटल्यावर काकांचा आवाज चढला. "फोन लाव धर्माला. आताच्या आता गाडी वलव. मुहूर्ताच्या आत पोचतो आमी. तुज्या त्या पोरीला दुसरा कोनतरी आनंल."

दुसरं कुणी आणणार नव्हतं. माझा दिव्याला फोन करून झाला होता. पाड्यावर एक मोटारसायकल होती, तिचा मालक सुरतेला कामावर. इथून जीप पाठवायची तर ती परत येईपर्यंत परीक्षेचं दार बंद. मग मी मीरा रोडपासून वसईपर्यंत ओळखीच्या सगळ्या ट्रॅव्हल्सवाल्यांना फोन केले, वऱ्हाडासाठी. लग्नसराईतला रविवार. जो तो मलाच विचारत होता, मॅडम, तुमची एखादी गाडी आहे का?

बाबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "सूनबाय, जरा बग ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी धर्माला पुन्हा फोन लावला. एवढ्या माणसांत मी सासऱ्यांना म्हटलं, "आता बघण्यासारखं काही राहिलं नाही, बाबा. गाडी एक आहे. धर्मा लाइनवर आहे. काय सांगायचं ते तुम्ही सांगा." आणि फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो कानाला लावला. एकदा काकांकडे बघितलं, एकदा जमिनीकडे.

"धर्मा," ते म्हणाले, "तू फुडं जा. पोरीला घे. तिला परीक्षेच्या शालेवर सोड, मंग बाकीचा." फोन बंद करून त्यांनी काकांसमोर हात जोडले. "न्हाय दादा. गाडी वलनार न्हाय."

मला वाटायचं, ज्या दिवशी हा माणूस कुणाला तरी ‘नाही’ म्हणेल त्या दिवशी मी पेढे वाटीन. पण बाबांचा चेहरा एवढासा झाला होता. उत्तमकाका पुढं आले आणि म्हणाले, "बरा. मंग आजपासनं तुजी गाडी आमाला नको. कदीच नको." आणि तोंड फिरवून गेले.

वऱ्हाड मग मिळेल तसं निघालं. कुणी रिक्षा पकडून स्टेशनला, कुणी एकमेकांच्या मांडीवर बसून मोटारींतून. इथल्याच समुद्रकाठच्या पालीच्या एका मेव्हण्याचा मासळीचा टेम्पो होता, तो धुऊन आणला आणि त्यात सतरंज्या टाकून बायका बसवल्या. टेम्पो धुतला म्हणून वास जातो थोडाच? काकू त्यात चढल्या तेव्हा त्यांनी पदर नाकाला लावला होता. जाताना त्यांनी बाबांकडे असं बघितलं, की मी बाबांच्या जागी असते तर गाव सोडलं असतं.

आम्ही दोघं रिक्षानं मीरा रोडला परीक्षेच्या जागी गेलो. बाबा फाटकासमोर येरझाऱ्या घालत होते. दर मिनिटाला मला विचारत होते, कुठवर आला? वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलावर ट्रॅफिक होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही. शेवटी आमची गाडी कोपऱ्यावर वळली. धर्मानं ती धड थांबवायच्या आत दिव्या उतरली, फाइल छातीशी धरून धावत सुटली आणि फाटकाच्या आत गेली. आमच्याकडे तिनं बघितलंही नाही. मला राग आला. एवढं रामायण झालं आणि एक शब्द नाही?

"गेली का आत?" बाबांनी विचारलं. समोरच गेली होती, तरी विचारलं.

"गेली."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "चल, पनवेलला जाऊ. जायला न्हाय मिलली गाडी, यायला तरी मिलंल त्यांना."

"काका नको म्हणालेत, बाबा."

"रागात बोलला तो."

मी बाबांशी भांडले नाही, भांडून काय होणार होतं? पाड्यावरची बाकीची माणसं जिथल्या तिथं सोडण्यात दुपार झाली, मग रिकामी बस घेऊन आम्ही पनवेलला गेलो. पोचलो तेव्हा लग्न लागून पंगती उठत होत्या. मुहूर्त काही टळला नव्हता. पण नवरदेवाची मावशी हॉलच्या दारात बाबांना बघून आत निघून गेली. बाबांनी नवरानवरीवर अक्षता टाकल्या, आहेर दिला. काकांनी मान वळवली. जेवायला बसा, असं आम्हाला कुणी म्हटलं नाही. ज्या माणसाच्या गाडीत बसून यांच्या घरोघरची लग्नं झाली, त्याला पाण्याचा ग्लास कुणी विचारला नाही. मी रागारागानं एक ताट वाढून आणलं. बाबांनी ते बाजूला सरकवलं. "दादानं सांगितल्याबिगर न्हाय," म्हणाले.

परतायची वेळ झाली तशी ते फाटकाजवळ गाडीच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्या बायकांना चढताना ते नेहमी हात देतात, तसा हात पुढं करून. माणसं बाहेर आली आणि गाडीला वळसा घालून पुढं गेली. कुणी मोटारीत बसलं, कुणी रिक्षा शोधू लागलं. एक म्हातारी चुकून थांबली, तर तिच्या मुलानं तिला दंडाला धरून नेलं. बाबा तसेच उभे होते. मला रडू येत होतं आणि त्या सगळ्यांचा इतका संताप आला होता, की धर्माला सांगावंसं वाटलं, हॉर्न दाबून ठेव.

तेवढ्यात मंजुळाकाकू आल्या. हातात पिशव्या, शालू खोचलेला. टेम्पोवाला त्यांना हाका मारत होता. काकू त्याच्याकडे न बघता सरळ आमच्या दारात आल्या.

"सरक," त्या बाबांना म्हणाल्या. "त्या मासलीत मी परत बसनार न्हाय. सून यायच्या आत मना घरी जाऊन आरतीचा ताट कराचा हाय. आनि तुला बोलाचा हाय. घर येईपरत बोलनार. धर्मा, हल."

काकू चढल्या म्हटल्यावर टेम्पोतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि एकेक करून त्याही आल्या. पुरुष कुणी आले नाहीत. काकू बाबांच्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि बोलायला लागल्या. पनवेलपासून बोलल्या. बाबांचं लहानपण काढलं, आईचं नाव काढलं, सार्थकच्या लग्नातलं सगळं पुन्हा काढलं. शालूला येणारा वास बाबांच्या नाकाशी नेऊन दाखवला. बाबा मान खाली घालून ऐकत होते. ठाणं गेलं, घोडबंदरचा रस्ता लागला, तरी काकूंचं संपेना.

मग त्या मध्येच थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ती पोरगी बसली का परीक्षेला?"

"बसली."

काकूंनी मांडीवरच्या पिशव्या पायाशी ठेवल्या.

"मंग मना काल का न्हाय सांगितलास?" त्या म्हणाल्या. "मी वऱ्हाडाला घरी भाकरी खायला घालून दहापरत बसवून ठेवला असता. पनवेल काय दिल्ली हाय? दुपारचा मुहूर्त होता, आरामात पोचलो असतो सगली."

मी पुढच्या सीटवर होते. एवढंच करायचं होतं. आम्ही कुणीच ते केलं नव्हतं.

"सांगनार होतो," बाबा म्हणाले. "दोनदा तुज्या दारापरत आलो. मना वाटला, तू न्हाय म्हटलीस तर मंग मी काय करू?"

म्हणजे हा माणूस जन्मभर सगळ्यांना ‘देतो, देतो’ करत आला, आणि स्वतः एका दारात उभं राहून काही मागायची याची छाती झाली नाही. मला त्यांचा राग आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. सासऱ्यांना असं कुणी करत नाही, म्हणून मी समोर बघत राहिले.

काकूंनी पदरानं डोळे पुसले. मग बाबांच्या खांद्यावर एक चापट मारली, चांगली जोरात.

"काय केला असतास?" त्या म्हणाल्या. "आज केलास तोच केला असतास."